डबल्सवालीला अर्धेच मार्क द्या

नागपुरात राहायचं आणि टेनिसवर मत नाही, हे शोभत नाही. सकाळी रामनगरच्या कोर्टावर खेळून तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहिलं, की कोणीतरी सानिया मिर्झाचा विषय काढतोच. नाही काढला तर तुम्ही काढा. प्लेटीत तर्री पडायच्या आत तुमचं वाक्य पडलं पाहिजे: 'डबल्सच तं खेळे ना ते, भाऊ!'

पुढचं सोपं आहे. तिच्या नावावर जे असेल त्याला दोनने भागायचं. तीन महिला दुहेरीची आणि तीन मिश्र, अशी सहा ग्रँड स्लॅम? तीन धरा. डब्ल्यूटीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यातली, दुहेरीची 43 विजेतेपदं? साडेएकवीस. पहिल्या क्रमांकावर 91 आठवडे? साडेपंचेचाळीस. विम्बल्डनवाले तर भागाकारात तुमच्याही पुढे आहेत. 2015 मध्ये एकेरी जिंकणाऱ्या सेरेनाला 18 लाख 80 हजार पौंड मिळाले. दुहेरी जिंकणाऱ्या सानिया आणि मार्टिना हिंगिसला 3 लाख 40 हजार, तेही दोघींत मिळून. आता खुद्द लंडनच असं म्हणतंय, तर धरमपेठेने का लाजावं?

त्या फायनलचा तपशील मात्र ठेल्यावर काढू नका. पहिला सेट गेलेला, तिसऱ्यात 2-5 ने मागे. तिथून ओढत 5-5, मग अंधार झाला म्हणून छत बंद करून दिवे लावले, आणि उरलेले दोन्ही गेम घेऊन 7-5. हे ऐकताना लोकांचा चमचा हवेतच राहतो आणि तुमच्या मताकडे कोणाचं लक्ष राहत नाही. कोणी काढलंच, तर शांतपणे म्हणा, 'हिंगिस होती ना सोबत.' हेच वाक्य दोघींनी ओळीने जिंकलेल्या 41 सामन्यांनाही लागू पडतं. त्या 41 सामन्यांत सानिया फक्त हिंगिसचा टॉवेल धरायला उभी होती, असा चेहरा ठेवायचा.

एखादा जाणकार निघेलच. एकेरीतही 2007 मध्ये ती जगात सत्ताविसावी होती, मनगटाची शस्त्रक्रिया झाली, शेवटी 2013 मध्ये एकेरी सोडावी लागली, वगैरे. त्याला एकच विचारा, 'मनगट काय फक्त सिंगल्सलाच दुखते का?' प्रश्न मूर्खपणाचा आहे, पण आवाज मोठा असला की चालतो.

भागाकार फक्त कौतुकाचा, बरं का. दोष द्यायची वेळ आली की पूर्णांकात द्यायचे. स्कर्टची लांबी तिची एकटीची. लग्न तिचं एकटीचं. 2016 मध्ये ती दुहेरीत जगात पहिली असताना टीव्हीवर तिला विचारलं गेलं, सेटल कधी होणार? तिने असं काही सुनावलं, की विचारणाऱ्याने तिथल्या तिथे माफी मागितली. तुम्ही मागू नका, तुम्ही कुठे टीव्हीवर आहात? मूल झालं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, 'आता काय खेळते!' जानेवारी 2020 मध्ये होबार्टला, पुनरागमनाच्या पहिल्याच स्पर्धेत, तिने दुहेरीचं विजेतेपद घेतलं. ते आपल्याला कळलं नाही, हे मान्य. संक्रांतीचा आठवडा होता, आपण गच्चीवर 'ओ काट' करत होतो.

एक खबरदारी तेवढी घ्या. तुम्ही स्वतः गेली वीस वर्षं डबल्सच खेळताय, हे कोणाला सुचू देऊ नका. आजचंच बघा. रिटर्न आला तो तुमच्या आणि पार्टनरच्या बरोब्बर मधून. फार वेगातही नव्हता बिचारा. तुम्ही ओरडलात, 'तुमचा!' ते ओरडले, 'तुमचा!' दोघांनी रॅकेट मागे नेली, दोघांनी आदराने थांबवली, आणि चेंडू मधल्या मोकळ्या रस्त्याने मागच्या जाळीला जाऊन टेकला.

'काऊन सोडला बाप्पा?' त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न ठेल्यावर पुन्हा निघायच्या आत सानियाला मध्ये आणा. आणि पोहेवाल्याला हळूच सांगून ठेवा, आजचे पैसे पार्टनर देतील, गेम त्यांच्यामुळे गेला.