एकलेच आलात?

माणसांचा कंटाळा आला की मी हरिश्चंद्रगड गाठतो. सोसायटीच्या ग्रुपवरची पार्किंगची भांडणं फार तर पायथ्याच्या पाचनई गावापर्यंत पाठलाग करतात. पुढे मोबाइलची रेंज मान टाकते. त्यात सप्टेंबरातला मंगळवार. तेव्हा गडाकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, असं ऐकलं होतं. कुत्रं होतं. ते पायथ्यापासून माझ्यापुढे चालत होतं आणि मी धापा टाकत थांबलो की वळून ‘झालं का?’ असं बघत होतं.

वर झोपडीत मावशी भाकऱ्या थापत होत्या. “एकलेच आलात?”

“हो. जरा शांतता हवी होती.”

भाकरी उलटत त्यांनी विचार केला. “घरी भांडण झालं का?”

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण पिठल्याचा एक डाव जास्त पडला. रुसून माहेरी आलेल्या लेकीला वाढावा तसा.

दुपार झकास गेली. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातली. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. कुत्र्याला सांगितलं. रात्री तंबूबाहेर काहीतरी खसपसलं, तेव्हा ‘बघ रे जरा’ म्हणायलाही कुणी नव्हतं. कुत्रं मावशींकडे झोपलं होतं.

सकाळी कोकणकड्यावर गेलो. पाठीशी कोवळं ऊन, खाली दरीत धुकं आणि धुक्यावर अख्खं गोल इंद्रधनुष्य, मधोमध माझी सावली. इंद्रवज्र! इंग्रज कर्नल साइक्सने १८३५ साली ज्याचं वर्णन छापलं, ते. ज्याच्यासाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात, ते! मी ओरडलो, “अरे, बघा!” कुत्र्याने कान खाजवला.

तेवढ्यात देवाने एक माणूस धाडला. रेनकोटातला, बहुधा तोही शांततेच्या शोधात. मी त्याला दंडाला धरून ओढलं.

“दिसलं?”

“दिसलं! मधोमध माझी सावली!”

“तुमची कशी? माझी आहे.”

शास्त्र असं की, सूर्य पाठीशी असल्यामुळे हे कडं ज्याच्या-त्याच्या डोक्याच्या सावलीभोवतीच दिसतं. शेजाऱ्याचं कडं आपल्याला दिसत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, “हात हलवून बघा.” त्याने हलवला, मीही हलवला आणि आपापला हात हललेला पाहून दोघंही जिंकलो. धुकं विरलं, वाद विरला नाही. तो थेट झोपडीपर्यंत आला.

मावशींनी आमचे चढलेले आवाज ऐकले, दोन चहा ठेवले आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “अस्सं! म्हणजे हे तुमच्याशी भांडून आले होते व्हय!”