तयार टीम

सकाळी आबांच्या गुडघ्याला तेल चोळत होते, तेवढ्यात तालमीच्या ग्रुपवर मेसेज पडला. (आमच्या कोल्हापुरात पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल टीम असतात.) "पुढच्या सीझनला वर्गणी वाढवू. फॉरेनर आणू, बाहेरचे दोन तगडे प्लेयर घेऊ, तयार टीमच उतरवू. ज्युनियरचा खर्च यंदा बंद ठेवू. पोरं तयार करून ट्रॉफी येत नसते." खाली अंगठ्यांची रांग. नाद खुळा, एक नंबर, आता जाळ अन् धूर संगटच.

ज्युनियरचा खर्च म्हणजे काय, ते बाहेरच्या लोकांना सांगते. वर्षाला चार-पाच बॉल, सकाळची अंडी-केळी आणि लाइन मारायला चुना. एवढंच. गांधी मैदानावर पहाटे सहाला जी पंचवीस-तीस पोरं येतात, त्यांना शिकवायचा पगार कुणी घेत नाही. आबांनी सव्वीस वर्षं घेतला नाही. एसटीच्या वर्कशॉपची पहिली पाळी असली की खाकी ड्रेस पिशवीत घालून मैदानावर जायचे आणि तिथूनच कामावर. आई म्हणायची, ह्या माणसाला स्वतःची दोन पोरं आहेत हे कुणीतरी आठवण करून द्या.

तेव्हा खर्च वाचवायचाच असेल तर मिरवणुकीच्या डॉल्बीचा वाचवा. पण ते बोलायचं नाही. असो.

अंगठ्यांच्या त्या रांगेत एक नाव दिसलं आणि मी तेलाची वाटी खाली ठेवली. नाव सांगत नाही. पेठेतल्यांना कळेलच, बाकीच्यांनी नुसता "तो" समजावा.

तो दहा वर्षांचा असताना आबांकडे आला. आई भाजी विकायची, वडील नव्हते. अनवाणी खेळायचा आणि बूटवाल्यांना चुकवून पळायचा. 2009 साली आबांनी महाद्वार रोडवरून त्याला साडेचारशे रुपयांचे स्टडचे बूट आणून दिले, कारण सीनियर टीममध्ये त्याचं नाव लागलं होतं. सेमीफायनल होती, शाहू स्टेडियम खच्चून भरलेलं. नेहमीचा राइट विंगर जायबंदी, म्हणजे हा खेळणार हे आमच्या घरात सगळ्यांनी धरलेलं. पण कमिटीने तीन दिवस आधी बाहेरून एक स्ट्रायकर उचलला होता. मग टीम हलवली, माणसं इकडची तिकडे केली आणि हा बाकावर. दुसऱ्या हाफला उठवून वॉर्मअपला लावला. लाइनीच्या कडेने पोरगं पंचेचाळीस मिनिटं पळत राहिलं, बोलावणं आलंच नाही. मॅच संपल्यावर बुटाची नाडी सुटेना, इतकी गच्च गाठ मारलेली. आबांनी खाली बसून ती दातांनी सोडवली.

मला फुटबॉल म्हटलं की मेस्सी आठवत नाही, ती गाठ आठवते.

पुढचंही ऐका. बाहेरच्या स्ट्रायकरने त्या दिवशी गोल मारला. आम्ही जिंकलो, फायनल हरलो आणि पुढच्या वर्षी तोच स्ट्रायकर समोरच्या पेठेकडून आमच्यावर गोल मारून गेला. त्याचं काही चुकलं नाही. ज्याने जास्त दिले त्याच्याकडे तो गेला. तयार माल असाच असतो, तो दुकानदाराचा नसतो, गिऱ्हाइकाचा असतो.

आता कुणीतरी म्हणणारच, ताई, जग बदललं, पैशाशिवाय फुटबॉल नाही. मला जग सांगू नका. 2024 च्या एप्रिलमध्ये रात्री दीड वाजता मी आणि आबा मोबाईल तांब्याला टेकवून स्पेनच्या कोपा देल रे कपाची फायनल बघत बसलो होतो. अ‍ॅथलेटिक बिल्बाओ विरुद्ध मायोर्का. बिल्बाओची गोष्ट आपल्या पेठेतल्या प्रत्येक पोराला पाठ हवी. शंभर वर्षांवर झाली, हा क्लब फक्त स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखातली, नाहीतर तिथल्या मातीत घडलेली पोरं खेळवतो. बाहेरचा कितीही भारी असो, घेत नाहीत. आणि स्पेनच्या पहिल्या लीगमधून हा क्लब एकदाही खाली गेलेला नाही. असे क्लब तिथे तीनच : रिआल माद्रिद, बार्सिलोना आणि हे. त्या दोघांच्या तिजोऱ्या बघा आणि ह्यांची बघा.

लेझामा म्हणून त्यांची अकादमी आहे, 1971 पासूनची. तिथून निघालेला गोलकीपर केपा 2018 मध्ये इंग्लंडच्या चेल्सीने 8 कोटी युरोला नेला. त्याच वर्षी जानेवारीत लापोर्त साडेसहा कोटींना मँचेस्टर सिटीला गेला. आपल्याकडे असा पैसा आला असता तर दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागले असते, आता अमुक येणार न् तमुक येणार. ह्यांना बाहेरचं घ्यायचंच नाही, त्यामुळे पैसा असूनही त्यांची नजर परत लेझामाच्या पोरांवर आणि आजूबाजूच्या बास्क क्लबांवरच जाते.

हो, इथे एक गोष्ट कबूल करावी लागते. शेजाऱ्यांची तयार पोरं ते बिनदिक्कत उचलतात. रिआल सोसिएदादचा इनिगो मार्टिनेझ असाच नेला. त्या फायनलची शेवटची पेनल्टी मारली बेरेन्गेरने, आणि तो काही लेझामाचा नव्हे. पाम्प्लोनाच्या ओसासुना क्लबात वाढलेला, इटलीच्या तोरिनोकडून विकत घेतलेला. आहे, मान्य आहे. पण आहे तो त्याच मुलखातला. शिवाजी पेठेने मंगळवार पेठेतला घेतला तर मी कधी ओरडले का?

तर ती मॅच. मायोर्काने आधी गोल केला, बिल्बाओच्या सानसेतने फेडला, एक्स्ट्रा टाइम झाला, टायब्रेकर झाला. बाहेर दूधवाले सुरू झाले होते. बेरेन्गेरचा बॉल जाळ्यात गेला तेव्हा आबा खुर्चीतून उठले, गुडघा विसरून. चाळीस वर्षांनी कप. 1984 नंतर मधे ह्याच कपाच्या सहा फायनल हरले होते, त्यातल्या दोन तर 2021 मध्ये एकाच महिन्यात. ग्राउंडवर रडणारी माणसं बघून आबा एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं थांबली ही लोकं. आपल्या कमिटीला चार महिने दम निघत नाही."

आणि नंतरची मिरवणूक! तिथे जिंकले की खेळाडूंना एका जुन्या मालवाहू नावेत बसवतात, गाबार्रा म्हणतात तिला, आणि नदीतून मिरवतात. दोन्ही काठांवर लाखो माणसं. नावेतली पोरं काठावरच्यांना नावानिशी ओळखत असणार. मला हेवा वाटला. गुलाल आपल्याकडेही उधळतो हो आपण, पण हल्ली कुणावर उधळतोय हे विचारून घ्यावं लागतं.

लीग मात्र त्यांनी 1984 नंतर जिंकलेली नाही. हे कमेंटमध्ये लिहायला बोटं शिवशिवत असतील, म्हणून मीच लिहिते. नाही जिंकली.

तरी पोरं तयार करून ट्रॉफी येत नाही हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला विचारायचंय, भावा, तू मॅच बघतोस का नुसते स्कोअर? 1995 च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेड पहिलीच मॅच हरलं तेव्हा टीव्हीवर समीक्षक अ‍ॅलन हॅन्सन म्हणाला होता की पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नसतं. पोरं म्हणजे बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधू, बट. त्याच पोरांना घेऊन त्या सीझनला लीगही आली आणि कपही आला. त्याच वर्षी मे महिन्यात हॉलंडच्या आयाक्सने आपल्या पोरांना घेऊन इटलीच्या मिलानला हरवून युरोपचा कप नेला होता, गोल क्लुइव्हर्टचा, वय अठरा. बार्सिलोनाने 2012 मध्ये लेव्हान्तेसमोर एक वेळ अशी आणली की मैदानावरचे अकराच्या अकरा त्यांच्याच अकादमीत, ला मासियात, शिकलेले. चार-शून्यने जिंकले.

आयाक्सची ती टीम नंतर दोन-चार वर्षांत फुटली, मोठ्यांनी उचलून नेली. ते दुखणं खरं आहे आणि त्यावर औषध मला माहीत नाही. आपल्याकडेही पोरगं जरा नावारूपाला आलं की दुसरी तालीम पाकीट घेऊन घरी जाते. पण चोरीला जाईल म्हणून कुणी पेरायचं थांबतं का?

तयार टीम बघायची तर लांब कशाला, पुण्याकडे बघा. 2007 पासून बारा वर्षांत पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी, चार क्लब झाले आणि चारही मिटले. मालकांचं गणित जमेना, शटर खाली. पुणे एफसीची अकादमी चांगली होती, नाही म्हणत नाही. पण अकादमी चांगली असून भागत नाही, तिच्या पाठीशी गल्ली लागते. आपल्याकडे गल्ली आहे! स्टेडियम भरवणारी पेठ आहे, मागे तालीम आहे, कुस्तीच्या आखाड्यातून आलेली शिस्त आहे. मालक नाही म्हणून शटरही नाही. देशात कितीजणांकडे हे आहे? आणि आपण काय करतो? 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून अनिकेत जाधव खेळला तेव्हा सगळ्या कोल्हापूरने कॉलर ताठ केली. केलीच पाहिजे. पण पोराला पुढची घडण मिळाली ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. घडवायला पुणं आणि फ्लेक्स लावायला आम्ही.

फॉरेनर पोरांवर माझा राग नाही, हे नीट वाचा, नाहीतर उद्या माझ्याच नावाने स्क्रीनशॉट फिरतील. ती पोरं घरदार सोडून येतात, भाड्याच्या खोलीत राहतात, जीव तोडून खेळतात. बिल्बाओचे विल्यम्स बंधू घ्या. आईबाप घानातून वाळवंट तुडवत स्पेनला आले. थोरला इन्याकी बिल्बाओतच जन्मला, धाकटा निको पाम्प्लोनात. दोघेही लेझामातून वर आले आणि तो कप दोघांनी मिळून उचलला. 2025 मध्ये बार्सिलोना मागे लागलेली असताना निकोने 2035 पर्यंतच्या करारावर सही केली. म्हणजे आपला कोण हे रक्तावर ठरत नाही, पहाटे कुठल्या मैदानावर पळलास त्यावर ठरतं. उद्या एखादा नायजेरियन इथेच राहिला, त्याचं पोरगं गांधी मैदानावर आबांच्या शिव्या खात मोठं झालं, तर ते आमचंच. माझी तक्रार पाहुण्यांवर नाहीच. पाहुण्यांच्या ताटासाठी घरच्या पोरांची अंडी-केळी काढून घेणाऱ्यांवर आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि त्याचाच फोन आला. त्याच. कुणीतरी सांगितलं असणार की ताईने ग्रुप सोडला. (सोडला मी. सकाळीच.)

मी सरळ विचारलं, "तू अंगठा कसा दिलास रे? तू?" शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्टवर होता, मागे मशीनचा आवाज. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? त्या दिवशी मला घातला असता तर आपण हरलो असतो. माझा डावा पाय नव्हताच. आबा सांगून दमले."

मी म्हटलं, अठराव्या वर्षी कुणाचा असतो? खेळून खेळून आला असता.

"खेळून खेळून म्हणजे किती मॅच, ताई? एक बॉल हुकला असता तर गॅलरीनं आईबहीण काढली असती. बाहेरचा हुकला तर त्याला भाषा कळत नाही. माझी आई त्याच चौकात भाजी घेऊन बसायची. मी बाकावर बसलो तेच बरं झालं."

काय बोलणार. मी त्या दिवशी गॅलरीतच होते. शिव्या दिल्या नाहीत, पण बाहेरच्याने गोल मारला तेव्हा मीही उड्या मारल्या होत्या. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाकावर कोण बसलंय, हे मला त्या दोन मिनिटांत आठवलंसुद्धा नव्हतं. ती गाठ मी नंतर बघितली.

म्हणजे कमिटीला चार महिने दम निघत नाही हे खरं, पण कमिटीला दम काढू देत नाही कोण? तिसऱ्या मॅचला हरलो की "टीम विका" म्हणून स्टेटस कोण टाकतं? मघाशी मी फार जोरात लिहिलं, ते खोडत नाही. पण त्यात माझंही नाव घाला.

बिल्बाओत पोरगं चुकलं तर लोक काय करतात मला माहीत नाही. माद्रिदला पेनल्टी मारायला जाताना त्याच्या पोटात गोळा येतच असणार. पण त्याची आई चौकात ताठ बसत असेल, असं आपलं मला वाटतं. त्याशिवाय शंभर वर्षं हे कसं चाललं?

बॉल आणि चुन्याचे पैसे मी देते, यंदाचे. अंड्यांचं कुणीतरी बघा. हे ग्रुपवर टाका, मी तिथे नाही.

फोन ठेवल्यावर आबांनी विचारलं, कोण होतं? सांगितलं. अंगठ्याचं बोलले नाही, तब्येत बरी आहे म्हणाला, एवढंच सांगितलं. आबांनी गुडघ्यावरची लुंगी नीट केली आणि विचारलं, "डावा पाय वापरतो का आता?"