यादी कोणी करायची?

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या वादळानंतर मदत म्हणून आलेले कपडे निवडण्याचे काम मी सलग तीन दिवस केले. पोत्याचे तोंड सोडले की आधी कुबट वास यायचा आणि मग एकेक वस्तू बाहेर यायची. जाड लोकरीचे स्वेटर, जोडीतला एकच बूट, चमकीचे झगे, आणि एकदा तर मुदत संपून वर्ष उलटलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. ही पोती पाठवणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मी आजही खात्रीने सांगेन. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आत आल्या. त्यांच्या हातात वहीचे फाडलेले पान होते आणि त्यावर पेन्सिलीने त्यांच्या वस्तीतल्या घरांची यादी केलेली होती. कोणाचे छप्पर पूर्ण गेले, कोणाचे अर्धे उरले, कोणाच्या घरी इन्शुलिन लागणारे माणूस आहे, कोणाकडे तान्हे मूल आहे, कोण एकटे राहते, हे सगळे त्या एका पानावर होते. "ताई, कपडे नकोत. ताडपत्री आणि दोरी मिळेल का?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्याकडे ताडपत्री नव्हती. कपड्यांचा ढीग मात्र खिडकीपर्यंत पोहोचला होता.

वादळानंतर लोकांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे की बाहेरून मदत यावी, असा वाद दर वेळी झडतो, आणि दर वेळी मला ते पान आठवते. माझे मत असे आहे की बाहेरून मदत यावी, भरपूर यावी आणि लवकर यावी. पण काय हवे, कोणाला आधी हवे आणि किती हवे, याची यादी तिथल्या माणसांनी करावी आणि बाहेरच्यांनी ती मानावी. हे ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात मात्र जवळजवळ कधीच घडत नाही.

पहिले काही तास तर शेजाऱ्यांचेच असतात, त्याला पर्याय नाही. झाडे आडवी पडलेली असतात, पूल वाहून गेलेले असतात, मोबाइलचे मनोरे बंद असतात, आणि जगातले सर्वांत सुसज्ज पथकसुद्धा त्या वाटेवर अडकून पडते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागाची वाताहत केली, तेव्हा त्या श्रीमंत देशातही काही वस्त्यांपर्यंत सामान पोहोचवण्यासाठी खेचरांचे तांडे न्यावे लागले. तोवर ढिगाऱ्याखालच्या माणसाला बाहेर काढले ते शेजारच्या घरातल्या माणसांनी. कोण कोणत्या खोलीत झोपतो, कोणाला ऐकू येत नाही, कोण दार उघडायला घाबरेल, हे ज्ञान कोणत्याही नकाशावर नसते.

या ज्ञानाला व्यवस्थेचे रूप कसे देता येते, हे पाहायचे असेल तर बांगलादेशाकडे पाहावे. नोव्हेंबर १९७० मधल्या भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात अंदाजे ३ ते ५ लाख माणसांचा बळी घेतला. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९७२-७३ मध्ये, रेड क्रॉस आणि नव्या सरकारने मिळून चक्रीवादळ पूर्वतयारीचा एक कार्यक्रम उभा केला, आणि त्याचा कणा गावातलेच स्वयंसेवक होते. धोका किती वाढला आहे त्यानुसार गावात एक, दोन किंवा तीन झेंडे चढतात, स्वयंसेवक हातातला भोंगा घेऊन घरोघर फिरतात, म्हाताऱ्या माणसांना निवाऱ्यापर्यंत हात धरून नेतात. रेडिओवरचा अनोळखी आवाज आणि दारात उभा असलेला ओळखीचा माणूस यांच्या सांगण्यात फार मोठा फरक असतो, विशेषतः घरदार आणि गुरे सोडून निघा असे सांगायचे असते तेव्हा. १९९१ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली; २००७ च्या सिद्रमध्ये सुमारे ३,४००; आणि मे २०२०च्या अम्फानच्या आधी २० लाखांहून अधिक लोकांना हलवण्यात आले, मृतांची संख्या दोन आकडी राहिली. आज त्या कार्यक्रमात ७५ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत.

पण ही कथा केवळ स्वावलंबनाची म्हणून सांगितली तर ती अर्धीच सांगितली असे होईल. निवाऱ्यांच्या पक्क्या इमारती उभारण्यासाठी मोठा पैसा बाहेरून आला, अंदाज उपग्रहांच्या आधारे येतात, प्रशिक्षण आणि बिनतारी संच सरकारने व रेड क्रॉसने पुरवले. ओडिशातही हेच दिसते. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास १० हजार माणसे मेली; २०१३ मध्ये फायलिन येण्यापूर्वी सुमारे १० लाख लोकांना हलवले गेले आणि तिथेही मृतांची संख्या दोन आकडीच राहिली. मधल्या चौदा वर्षांत राज्याने स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे बांधले, आणि त्या निवाऱ्यांचा कारभार गावातल्या समित्यांकडे दिला. इमारत सरकारची आणि किल्ली गावाची, ही रचना मला फार महत्त्वाची वाटते.

स्वावलंबनाचा गौरव कोण करतो, हेही नीट पाहायला हवे. मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळ म्यानमारच्या इरावती खोऱ्यावर आदळले आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. लष्करी राजवटीने परदेशी मदत पथकांचे व्हिसा जवळपास तीन आठवडे अडवून धरले. त्या काळात यांगूनमधल्या सामान्य नागरिकांनी आपल्या गाड्यांत तांदूळ आणि पाणी भरून खोऱ्याची वाट धरली, बौद्ध विहारांनी बेघरांना आसरा दिला, आणि मदत करणाऱ्या व त्याविषयी परदेशी माध्यमांशी बोलणाऱ्या झारगनार या लोकप्रिय विनोदी कलाकाराला तुरुंगात टाकण्यात आले. त्याच सुमारास एका सरकारी वृत्तपत्राने लिहिले की परदेशी चॉकलेटच्या वड्या मिळाल्या नाहीत तरी खोऱ्यातले लोक जगू शकतात, कारण तिथे मासे आहेत आणि रात्री कंदील घेऊन बाहेर पडले तर बेडूकही मिळतात. घर, नांगर, बैल आणि मुले गमावलेल्या माणसांना उद्देशून हे लिहिले गेले होते. लोकांच्या चिवटपणाचे कौतुक सत्ताधाऱ्यांच्या तोंडून येऊ लागले की मी म्हणूनच सावध होते. लोक चिवट असतात हे खरेच आहे, पण ते त्यांचे श्रेय आहे. कोणाची जबाबदारी माफ करण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

काही गोष्टी शेजारी कितीही जिवाभावाचे असले तरी त्यांच्या हातात नसतात. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळ कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतील प्वेर्तो रिको बेटावर आदळले. मृतांचा सरकारी आकडा कित्येक महिने ६४ राहिला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. या दोन आकड्यांमधली बहुतेक माणसे वाऱ्याने किंवा पुराने मेली नव्हती. वादळानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत वीज नव्हती, दवाखान्यापर्यंत रस्ता नव्हता, औषध थंड ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती गेली, आणि त्यांत वृद्ध व गरीब यांचे प्रमाण जास्त होते. शेवटच्या घरांपर्यंत वीज परत यायला जवळपास ११ महिने लागले. लोकांनी सामूहिक स्वयंपाकघरे चालवली, हातांनी रस्ते मोकळे केले, एकमेकांच्या छपरांवर ताडपत्र्या बांधल्या. पण उच्च दाबाची वीजवाहिनी कोणतीही वस्ती स्वतः उभी करू शकत नाही. ते काम राज्याचे आहे, आणि राज्याने ते वेळेत केले नाही म्हणून माणसे मेली, हे स्पष्ट शब्दांत म्हणायला हवे.

आणि त्याच बेटावर, वादळानंतर वर्षभराने, सेइबा येथील एका धावपट्टीवर पिण्याच्या पाण्याच्या लाखो बाटल्या रांगेने उभ्या असलेल्या सापडल्या. पाणी आले होते, खर्च झाला होता, विमाने आणि जहाजे राबली होती. ते कोणत्या दारापर्यंत जायचे आहे हे सांगणारे पान मात्र त्या साखळीत कुठेच नव्हते. त्या बाटल्यांची छायाचित्रे पाहिली तेव्हा मला आमचा तो खिडकीपर्यंतचा ढीग आठवला आणि फार वाईट वाटले.

यादी बाहेर कशी पोहोचवायची, याची एक सुंदर तऱ्हा ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्कमध्ये दिसली. ऑक्युपाय सँडी नावाने एकत्र आलेल्या कार्यकर्त्यांनी अॅमेझॉनवरची लग्नाच्या आहेराची यादी करण्याची सोय वापरली. वधूवरांना काय हवे ते जिथे लिहायचे, तिथे त्यांनी पूरग्रस्त वस्त्यांना लागणाऱ्या वस्तू लिहिल्या. देणाऱ्याने यादीतली वस्तू विकत घ्यायची, ती थेट वाटप केंद्रावर पोहोचायची आणि यादीतून उतरायची. यासाठी लागले ते फक्त आधी विचारण्याचे सौजन्य.

पैशाबाबतही हेच म्हणता येते. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये ६,३०० माणसांचा बळी घेतला. टाक्लोबान शहर ढिगाऱ्याखाली गेले असताना त्झू ची या तैवानी बौद्ध संस्थेने तिथल्याच रहिवाशांना रोजंदारी देऊन त्यांच्याकडून त्यांचेच शहर साफ करून घेतले. हातात मजुरी आली, मजुरीतून बाजार हलला, आणि आपले घर आपण मोकळे केले ही भावना उरली. रांगेत उभे राहून पिशवी घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे. फुकट वाटलेले सामान महिनोनमहिने येत राहिले तर वादळातून कसाबसा वाचलेला गावातला दुकानदार त्या सामानाने बुडतो, ही गोष्ट मदत पाठवताना आपल्या ध्यानातच येत नाही.

आता माझ्या मताची दुखरी बाजू. 'तिथली माणसे' म्हणजे नेमकी कोण? गावाची यादी गावातले वजनदार लोक करणार असतील, तर वस्तीच्या टोकाची घरे तिच्यातून गळतील. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना मदतीतून आणि निवाऱ्यांतून वगळल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर नोंदल्या गेल्या. बांगलादेशातल्या १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक स्त्रिया मेल्या, कारण अनेक जणी घरातल्या पुरुषाची परवानगी येईपर्यंत थांबल्या आणि निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी सोय नव्हती. आज तिथल्या स्वयंसेवकांत जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत, आणि हा बदल आपोआप झालेला नाही. बाहेरून प्रश्न विचारले गेले, आतल्या बायकांनी ते लावून धरले, तेव्हा तो घडला. मदत घेऊन येणाऱ्याचे खरे काम मला इथे दिसते. त्याने स्वतःची यादी आणू नये, पण गावाची यादी चार लोकांसमोर मोठ्याने वाचायला सांगावी, आणि कोणाचे नाव राहिले आहे का, हे न संकोचता विचारावे.

मोठ्या संस्थांना हे कळत नाही असे नाही. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या मानवतावादी शिखर परिषदेत देणगीदार देश आणि संस्थांनी ग्रँड बार्गेन नावाचा करार केला, आणि २०२० पर्यंत मदतनिधीचा किमान २५ टक्के वाटा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांकडे द्यायचे ठरवले. २०२० उजाडले तेव्हा थेट जाणारा वाटा एकआकडी टक्क्यांतच होता. कारणे सांगितली जातात ती हिशेबाची, लेखापरीक्षणाची, क्षमतेची. हिशेब हवाच. परंतु धावपट्टीवरच्या बाटल्यांचा हिशेब कागदावर चोख असूनही त्या तिथेच राहतात, तेव्हा क्षमता कोणाची कमी पडली, हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारला गेला पाहिजे.

एप्रिल २०२० मध्ये तर परिस्थितीनेच एक परीक्षा घेतली. पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचे हॅरल्ड चक्रीवादळ प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशावर आदळले तेव्हा कोविडमुळे त्या देशाच्या सीमा बंद होत्या. परदेशी कार्यकर्त्यांना प्रवेश नव्हता, बाहेरून येणारे सामानही आधी वेगळे ठेवून निर्जंतुक केले जात होते. सामान उशिरा पोहोचले आणि त्याचा त्रास लोकांना सोसावा लागला, हे लपवण्यासारखे नाही. पण नुकसानीची पाहणी, वाटप आणि समन्वय ही सगळी कामे देशातल्याच माणसांनी केली, आणि एरवी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा परदेशी तज्ज्ञ या वेळी फोनच्या दुसऱ्या टोकाला होता.

प्वेर्तो रिकोतल्या आदहुन्तास या डोंगरी गावात कासा प्वेब्लो नावाची संस्था आहे. ती १९८० मध्ये उघड्या खाणींना विरोध करण्यासाठी उभी राहिली, आणि मारिया वादळाच्या कितीतरी आधीपासून तिच्या छतावर सौर पट्ट्या होत्या. २०१७ मध्ये सगळे बेट अंधारात असताना लोक फोन चार्ज करायला आणि श्वसनाची यंत्रे चालवायला तिथे येत होते. पुढे संस्थेने घराघरांवर सौर पट्ट्या बसवायला घेतल्या, तेव्हा ज्या घरांत आजारी माणसे होती त्यांना प्राधान्य मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये फिओना वादळाने संपूर्ण बेटाची वीज पुन्हा घालवली, आणि कासा प्वेब्लोचे व तिने उजळलेल्या घरांचे दिवे चालू राहिले. मार्च २०२३ मध्ये गावाच्या चौकाभोवतालच्या दुकानांना जोडणारी छोटी वीजजाळी सुरू झाली. तिच्यासाठी बाहेरच्या एका प्रतिष्ठानने पैसा दिला, बाहेरच्या अभियंत्यांनी मदत केली, आणि ती चालवण्याचे काम गावातल्या लोकांच्याच संघटनेकडे आहे. पुढच्या वेळी बेटाची वीज जाईल तेव्हा त्या बॅटऱ्यांवर आधी कोणाचे औषध थंड ठेवायचे, हे तिथे राहणारी माणसे ठरवतील.