साठ पौंडी लीडर आणि गेलेले तीन ल्युअर: रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

स्टार एकच दिलात, पण तक्रार नीट लिहिलीत, म्हणून उत्तरही नीट देतो. तुमचं म्हणणं असं: आमच्या मासेमारीच्या दुकानातल्या सांगण्यावरून 20 पौंडी ब्रेडला (रिळावरची विणलेली दोरी) 60 पौंडी लीडर (तिच्या पुढे जोडायचा जाड दोरा) लावला, खाडीत तिवरांच्या मुळांत तीन ल्युअर (हुक लावलेले नकली मासे) अडकले, तिन्ही वेळा ब्रेड तुटली, आणि 350 रुपयांचा रिट्रीव्हर (अडकलेला ल्युअर सोडवायला दोरीवरून कडीने सोडायचं वजन) लीडरच्या गाठीपाशीच अडून बसला. थोडक्यात, ब्रेड कुजकी आणि लीडर गळ्यात मारलेला.

ब्रेड कुजकी नाही. तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. एका टोकाला कापसासारख्या दशा सुटल्यात, तिथे मुळांवरच्या कालवांच्या शिंपांवर ब्रेड घासली गेली. लीडर दोन वीतच होता असं तुम्ही लिहिलंय. मुळांत निदान मीटरभर हवा, म्हणजे कालवांवर लीडर घासतो, ब्रेड नाही. दुसरं टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलंय. ते तुटलेलंच नाही, गाठ सरकली आहे. डबल युनी, म्हणजे ब्रेड आणि लीडर जोडायची गाठ, बांधताना ब्रेडचे 8 वेढे घ्या, जाड लीडरचे 3 पुरे, आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा.

आता आमची चूक. 20 पौंडी म्हणजे सुमारे 9 किलो ओढ सोसणारी, 60 पौंडी म्हणजे 27. ओढल्यावर जे सगळ्यात कच्चं ते आधी जाणार, आणि तुमच्या जोडणीत ती ब्रेड होती. खरं तर ब्रेडच्या आधी हुक सरळ होऊन उघडायला हवा. ल्युअरचे मूळचे पातळ ट्रेबल (तीन काट्यांचे हुक) उघडतात, पण बिलावर आम्हीच दिलेले 4एक्स (जास्त मजबूत हुक) दिसतायत, ते हलायचे नाहीत. तुमच्या खाडीला 30 ची ब्रेड, 40 चा लीडर आणि मूळचे हुक बरे. लीडर त्याहून बारीक नको. जिताड्याच्या गालाची कड वस्तऱ्यासारखी असते, आणि तांबोशीचे दात निराळेच.

रिट्रीव्हर विकतानाही विचारायला हवं होतं. तो होडीतून किंवा जेटीवरून, दोरी जवळजवळ उभी असेल तिथे चालतो. काठावरून दोरी आडवी जाते, वजन मध्येच थांबतं. त्यात डबल युनीचा गोळा. ब्रेड-लीडर जोडायची दुसरी गाठ, एफजी, सडपातळ असते, तिच्यावरून कडी निसटते.

ल्युअर अडकला की पहिला झटका मारायचा नाही. झटक्यागणिक हुक लाकडात आणखी रुततो. दोरी सैल सोडून थोडं थांबा. तरंगणारा मिनो (छोट्या माशासारखा ल्युअर) कधी कधी आपणच मागे सरून वर येतो. नाही आला तर ज्या बाजूने तो मुळात शिरला त्याच्या उलट बाजूला काठाने चालत जा आणि तिथून हलकेच हलवा. तरीही नाही? रॉड ल्युअरच्या दिशेला करा, रीळ आणि पहिली रिंग यांच्यामधली ब्रेड दोन बोटांत धरून धनुष्याच्या दोरीसारखी ताणा आणि एकदम सोडा. असं दहा-पंधरा वेळा. काठावरून आमचा सगळ्यात जास्त भरवसा याच युक्तीवर.

अगदीच ओढायची वेळ आली तर रॉड वाकवून ओढू नका. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आवळून तर मुळीच नको. ब्रेड स्पूलमध्ये (रिळावरच्या गुंडाळीत) रुतून बसते आणि पुढच्या फेकीला गुंता होतो किंवा तुटते. वीतभर लाकडी दांड्याला ब्रेडचे 5-6 वेढे द्या आणि दांडा धरून सावकाश मागे सरका. उघड्या हाताला गुंडाळलीत तर बोट कापेल. तोंड फिरवा, डोळ्यांवर चष्मा हवाच. सुटलेला ल्युअर गलोलीतल्या दगडासारखा येतो.

तुटलाच तर जागा ध्यानात ठेवा आणि ओहोटीला बूट घालून जा. फांदी मात्र मोडू नका, तुमच्या दुसऱ्या फोटोत एक मोडलेली दिसते. कांदळवन तोडणं गुन्हा आहे. पांढरी चिप्पी तर 2020 पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे. लोंबकळणारी ब्रेडही काढून आणा, त्यात बगळे, खंड्या असे पक्षी अडकतात.

रिट्रीव्हरचे पैसे परत देतो, 4एक्स हुक बदलून देतो, एफजी समोर बांधून शिकवतो. तीन ल्युअरची भरपाई मात्र नाही. येताना रीळ आहे तसंच आणा, टोक कापू नका. मंगळवारी दुकान बंद असतं.