'फेसिंग माउंट केनया' हा माऊ माऊचा इतिहास नव्हे

केनियाच्या इतिहासावरच्या वाचनयादीचा एक संदेश सध्या फिरतोय. त्यात स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा यांचं 'फेसिंग माउंट केनया' हे 'माऊ माऊ उठावाचा आँखों देखा इतिहास' म्हणून पहिल्या क्रमांकावर आहे. हे चूक आहे. पुस्तक आलं 1938 मध्ये. माऊ माऊ म्हणजे केनियातला ब्रिटिश राजवटीविरुद्धचा सशस्त्र उठाव; त्यावरून आणीबाणी जाहीर झाली ती ऑक्टोबर 1952 मध्ये, म्हणजे 14 वर्षांनी.

पुस्तक आहे केन्याटांच्या स्वतःच्या गिकुयू (किकुयू) समाजाबद्दल: जमिनीची मालकी, नातीगोती, लग्न, विधी. केन्याटा लंडनमध्ये नामवंत अभ्यासक मालिनोव्स्की यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकले, त्या अभ्यासातून ते आलं. जरूर वाचा. त्यातली एक गोष्ट तर मला फारच आवडते: पावसात हत्ती माणसाच्या झोपडीत फक्त सोंड ठेवायला जागा मागतो, मग हळूहळू अख्खा आत शिरतो आणि माणूस बाहेर. गिकुयूंच्या जमिनी गोऱ्यांकडे कशा गेल्या, हे याहून नेमकं कोण सांगणार!

उठावासाठी मात्र डेव्हिड अँडरसन यांचं 'हिस्टरीज ऑफ द हँग्ड' घ्या. फाशीच्या खटल्यांच्या कागदपत्रांवर ते उभं आहे. उठावाच्या काळात ब्रिटिशांनी लोकांना डांबलं त्या छावण्यांबद्दल कॅरोलिन एल्किन्स यांचं 'इम्पीरियल रेकनिंग'. दोन्ही 2005 ची. एल्किन्स यांनी दिलेल्या मृतांच्या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहे, म्हणून दोन्ही सोबतच वाचावीत.