ते सगळं हेच बघतात

गेल्या जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झाला होता तेव्हा, आई बाथरूममध्ये घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर, फिजिओथेरपी सगळं पार पडलं, आता ती बरी आहे. पण आई १७ दिवस हॉस्पिटलात होती आणि बाबा मुलुंडच्या घरी एकटे होते. त्या दिवसांत जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

बाबा ७४ वर्षांचे. ३६ वर्षं बँकेत काढली. हिशेबात रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत जागेवरून उठायचे नाहीत, असा माणूस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं, तेवढ्यात माझा फोन गेला. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस येतच राहिला. वास आल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि वास बाहेर जावा म्हणून त्यांचा हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला. दार उघडं होतं म्हणून समोरच्या काकूंना दिसलं. त्या दारातूनच ओरडल्या, "भाऊ, बटण नका दाबू!" मग धावत आत आल्या, ओट्याखालचा कॉक बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि बाबांना बाहेर जिन्यात नेऊन बसवलं.

बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. चालू करताना पडते तशी बंद करतानाही पडते. म्हणून गॅसचा वास आला की कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, दिवा चालू असेल तर चालूच राहू द्यायचा. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, तो हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे तिथे खिडकीइतकंच दार उघडणं महत्त्वाचं. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडायचं आणि लांब जाऊन १९०६ला फोन लावायचा. हा नंबर चोवीस तास चालतो. या गॅसला मुळात वासच नसतो. गळती कळावी म्हणून तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. तेव्हा "थोडासा येतोय, जाईल" म्हणून सोडून देऊ नका, ही हात जोडून विनंती.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. आणि ते का, हे मला त्या संध्याकाळी जिन्यात बसून कळलं. लग्नाला ४८ वर्षं झाली, तेवढी वर्षं स्वयंपाकघर आईचं आणि कागदपत्रं बाबांची. आपल्या बहुतेक घरांत असंच असतं. कुणी विचारलं की बायका म्हणतात, "ते सगळं हेच बघतात." पुरुष म्हणतात, "ते हिलाच विचारा." वर्षानुवर्षं हे सुरळीत चालतं, कारण दोघंही जागेवर असतात. माझं एवढंच म्हणणं आहे की कामं खुशाल वाटून घ्या, पण ते काम कसं करायचं हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे. रोज करायला नको. गरज पडली तर करता आलं पाहिजे.

त्याच रविवारी मी बाबांना कुकर लावायला शिकवला. आधी झाकणाची रबरी रिंग नीट बसवायची. मग झाकणावरची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते बघायचं, कारण तिच्यात भाताचं शित अडकलं तर वाफ कोंडते. बाबा खिडकीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटून बराच वेळ त्या नळीतून बाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "पिंपळ दिसतोय." मग तळाला पाणी, खालच्या डब्यात तूरडाळ, हळद आणि हिंग, वरच्या डब्यात तांदूळ. पाणी किती, तर तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल इतकं. शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद केला आणि वाफ आपणहून बसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी आपली जुनी डायरी काढून तारीख टाकून लिहिलं: तांदूळ १ वाटी, डाळ अर्धी वाटी, शिट्ट्या ३. त्या रात्री आईला डब्यात बाबांच्या हातचा वरणभात गेला. मीठ कमी होतं. आईने सगळा संपवला.

पोळ्यांचा आग्रह मी धरला नाही. मुंबईत कोपऱ्याकोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे, ७४व्या वर्षी कणीक मळायची सक्ती कशाला? पण चहा, वरणभात, खिचडी, उकडलेलं अंडं, एवढं कुणालाही यायलाच हवं. तापातल्या माणसाला वेळेवर पेज करून देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. हॉस्पिटलात एका रात्री आई मला म्हणाली, "उद्या यांना काही झालं तर सही कुठे करायची तेसुद्धा मला माहीत नाही गं." ही माझी आई, जिने चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन मुलं वाढवली, भिशी चालवली, पापडाच्या धंद्यातून माझी फी भरली. तिला आपल्याच घराचं खातं किती बँकांत आहे ते माहीत नव्हतं. मेडिक्लेमचं कार्ड कुठल्या फायलीत आहे तेही नव्हतं. मला फार लागलं ते.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंचं मी डोळ्यांनी पाहिलंय. काका अचानक गेले. फोन त्यांच्या बोटाच्या ठशाने उघडायचा. विजेचं बिल त्यांच्या ईमेलवर, ओटीपी त्यांच्या नंबरवर, आणि खातं एकट्या त्यांच्या नावावर. तेराव्याच्या आत काकूंना उसने पैसे मागायची वेळ आली. घरात पैसा असून.

म्हणून आई घरी आल्यावर आम्ही तिघं एक अख्खी दुपार फायली घेऊन बसलो. रोजच्या खात्यावर आईचं नाव चढवलं, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं, म्हणजे बँकेच्या भाषेत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. प्रत्येक ठेवीला नॉमिनी आहे का ते तपासलं. दोन ठेवींना नव्हता. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेही करून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, कारण यावरून सख्ख्या भावंडांत भांडणं होतात: नॉमिनीला बँक पैसे सोपवते, पण मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. तेव्हा मृत्युपत्रही करा. ते करणं अशुभ नाही. आणि १० वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाच्या अशा ठेवी आहेत का, ते 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर शोधता येतं.

आईला मी मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवलं आणि त्याआधी एक वाक्य पाठ करून घेतलं: पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे चाललेत. फसवणूक झालीच तर लाज बाळगत बसायचं नाही, लगेच १९३०ला फोन करायचा.

पाठांतरावरून आठवलं. २६ जुलै २००५ला मी कुर्ल्यात अडकले होते. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर पेपरात वाचलं. तेव्हा फक्त छातीपर्यंत पाणी कळत होतं. एका अनोळखी मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कडेने नको चालूस, गटारं उघडी असतात. मधल्या दुभाजकाला धरून चल." त्यांच्या मागोमाग मी बाहेर पडले. पुढे २९ ऑगस्ट २०१७ला एल्फिन्स्टन भागात घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, तेव्हा त्या मावशींचा हात मला पुन्हा आठवला. २००५च्या त्या पुरात माझा मोबाइल बंद पडला होता, पण शेजाऱ्यांचा लँडलाइन नंबर तोंडपाठ होता, म्हणून एका दुकानातून निरोप तरी देता आला. आज माझ्या १९ वर्षांच्या मुलाला माझा नंबर पाठ नव्हता! आता आहे.

घरातला मेन स्विच कुठे आहे हे त्याला दाखवलंय. ईएलसीबी म्हणजे काय (वीज कुठे गळू लागली की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच), त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही ते कसं बघायचं, तेही. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींच्या या शहरात हे मी गाडी चालवण्याच्या आधी शिकवीन. भाजलं तर टूथपेस्ट फासायची नाही, २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. जुलाब झाले आणि ओआरएसची पुडी घरात नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

एक गोष्ट मात्र अजून मलाच नीट येत नाही, ती सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायचं आणि कुणाला तरी १०८ला फोन लावायला सांगायचं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण हाताला सवय नाही, आणि वेळ आली तर हातच लागणार. म्हणून पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये प्रशिक्षण ठेवलंय. शिकवायला माणूस येणार आहे, पुतळाही आणणार आहे. बाबांनी पहिलं नाव दिलंय, आई खुर्चीत बसून बघणार आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या ज्यांना यायचंय त्यांनी गुरुवारपर्यंत ऑफिसात नाव लिहा. नवरा-बायको दोघंही या. गुडघे टेकून करायचं असतं, तेव्हा चटई घरून आणा.