सावजीचा खोकला

आमच्या बोक्याचं नाव सावजी, कारण रंग अस्सल तर्रीचा. ऐन मे महिन्यात त्याला खोकला लागला. जमिनीला पोट टेकवून, मान पुढे ताणून खक् खक् करायचा आणि मग काही झालंच नाही अशा थाटात वाटीकडे चालू पडायचा.

आई म्हणे केसांचा गोळा अडकला असेल, पण गोळा काही बाहेर येईना. बाजूच्या काकूंनी मीठमोहरी ओवाळली, त्या धुराने तो अजूनच खोकला. वरचे काका म्हणे हार्टचं दिसते, त्यांना स्वतःला बीपी आहे त्यामुळे ते सगळ्यांचं हार्टच बघतात.

शेवटी धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. अख्ख्या रस्त्यात ह्याने इतका गळा काढला की ऑटोवाला म्हणाला, "भाऊ, पिशवीत लेकरू हाये का?" आणि टेबलावर ठेवल्यावर? एक खोकला नाही राजेहो! डॉक्टर म्हणाले व्हिडिओ आणा. मग आम्ही रात्र रात्र मोबाईल धरून त्याच्या मागे, आणि कॅमेरा सुरू झाला की हा पाय वर करून अंग चाटणार, आता माझ्या गॅलरीत तेच तेवढं आहे. एकदाचा पहाटे सापडला, मागे बाबांच्या घोरण्यासकट.

डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, हे ओकणं नाही, खोकलाच आहे. आणि म्हणे, "मागे आवाज येतोय तो कूलर ना? ताट्या नवीन टाकल्या का?" टाकल्या होत्या बापा, गवताचा भुसा अजून घरभर उडत होता.

तरी एक्सरे झाला, त्यात श्वासनलिकांच्या भिंती जाड होऊन गोल गोल कडी दिसत होती. शीसुद्धा तपासायला मागितली, कारण गोगलगाय खाल्लेली पाल किंवा उंदीर मांजराने खाल्ला तर फुप्फुसात जंत होऊ शकतात, आणि आमच्या भिंतीवरची एक पाल ह्याने सोडलेली नाही. ती डबी ऑटोत मांडीवर घेऊन जाण्याबद्दल मी काही बोलणार नाही. जंत नव्हते. हार्टने कुत्रे खोकतात, मांजरं सहसा नाही, हे ऐकून वरचे काका जरा नाराजच झाले.

तर निघाला दमा! अगरबत्ती बंद, कछुआ छाप बंद, आणि कूलरपासून लांब. पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करा म्हणणारा माणूस नागपूरचा असूच शकत नाही, म्हणून सावजीला एसीवाली खोली दिली. आता तो पलंगावर आणि आम्ही सगळे त्याच खोलीत खाली गादी टाकून.

गोळ्या आहेतच, शिवाय छोट्या मास्कचा पंपही आहे. मास्क लावून सात ते दहा श्वास मोजायचे असतात. मी धरतो, आई धान्य मोजल्यासारखी "लाभ, दोन, तीन" मोजते, पाचाला सावजी मास्क उडवतो, की पुन्हा लाभ.